थोरलीचा क्लच आणि धाकटीचा गुडघा

माझा डावा गुडघा दुखतो ही बातमी आमच्या घरात सगळ्यांत शेवटी माझ्या नवऱ्याला कळली. शेजारच्या शिंपिणीला ठाऊक होती, दूधवाल्याला ठाऊक होती, गल्लीच्या तोंडाशी लोळणाऱ्या कुत्र्यालासुद्धा असावी, कारण हल्ली मी त्याच्यावरून पाय टाकून जात नाही, वळसा घालून जाते. पण ज्या माणसाशेजारी मी तीस वर्षं झोपते, त्याला पत्ता नाही. बरं, बहिरा म्हणावं तर तसंही नाही. दोन गल्ल्यांपलीकडून ट्रक गेला तर पडल्या पडल्या सांगतील, "मागचं बेअरिंग गेलंय त्याचं."

गावभर त्यांना मिस्त्री म्हणतात. मी रागात असले की मीही मिस्त्री म्हणते, आणि या आठवड्यात मी दुसरं काही म्हटलेलं नाही.

आमच्या दारात एक जुनी फौजी बनावटीची गाडी उभी असते. चारही चाकांनी ओढते, छप्पर कापडाचं, दरवाजे नावापुरते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती आधीच घरात होती. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ही थोरली. तू धाकटी. थोरलीचा मान आधी." सगळे हसले, मीही हसले. नवी नवरी होते, दुसरं काय करणार? पुढे कळलं की सासूबाईंनी थट्टा केली नव्हती, सावध केलं होतं. थोरलीला सर्दी झाली तर मिस्त्री रात्रीचे उठून तिच्यावर ताडपत्री घालतात. मला सर्दी झाली तर म्हणतात, "पंखा बंद कर ना मग."

पण गाडी चालवते मी. मिस्त्रींना चालवता येत नाही. म्हणजे येते, पण गिअर बदलताना त्यांचा जीव खालीवर होतो, तिला लागेल म्हणून. त्यामुळे आमच्याकडे पहिल्यापासून वाटणी ठरलेली आहे. पाना त्यांचा, स्टीअरिंग माझं. मी बॉनेट उघडायचं नाही आणि त्यांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसून मला शिकवायचं नाही. बुधवारी आणि शनिवारी मी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना वरच्या वस्तीवर घेऊन जाते. तिथे दुसरी गाडी चढत नाही. वर मेंढ्या आहेत, म्हशी आहेत, आणि त्यांना खालच्या माणसांपेक्षा जास्त आजार आहेत.

वाटेत एक उभा चढ लागतो, मध्येच दगडी वळण. त्याला सगळे 'सासू' म्हणतात, कारण नव्याण्णव वेळा नीट केलंत तरी शंभराव्या वेळेची चूक तिच्या लक्षात राहते.

त्या बुधवारी माझी शंभरावी वेळ आली. वळणावर दुसऱ्यातून पहिल्यात घ्यायला गेले, पाय उचलला, आणि गुडघा मध्येच अडला. पेडलपर्यंत पाऊल पोचलंच नाही. गाडीने एक आचका दिला, बंद पडली आणि मागे सरकली. मी उजव्या पायाने ब्रेक आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक धरला, तेव्हा कुठे थांबली. मागे औषधांची पेटी आडवी झाली. डॉक्टरीणबाई पोरसवदा आहेत, स्वभावाने चांगल्या. नुसतं खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "मावशी, एवढा चढ मी चालत येते. तुमच्यावर भार नको."

भार! शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्यांना पेटी खांद्याला लावून पुढे चढताना बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आग अजून तिथेच आहे.

त्यात मुलगी रजेवर घरी आलेली. शहरात राहते, मोठ्या कंपनीत माणसांच्या नेमणुका करते, म्हणून तिला वाटतं आमच्याही नेमणुका तिनेच करायच्या. चढावर काय झालं ते कळल्यावर तिने त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी विषय काढला.

"आई, आता बास झालं. गाडी विकून टाक. महामार्गावरच्या हॉटेलवाल्याला हवीये. हिरवळीवर उभी करणार आहे तो. छान रंग देऊन."

"उभी करून काय करणार?"

"शोभेला गं. बॉनेटमध्ये फुलझाडं लावणार म्हणे."

मी मिस्त्रींकडे बघितलं. म्हटलं, आता हा माणूस ताट फेकेल. थोरलीच्या पोटात जास्वंद! पण मिस्त्री मूग गिळून बसलेले. भाताचा घास इकडून तिकडे ढकलत होते. म्हणजे या दोघांचं आधीच बोलणं झालेलं होतं. मला नंतर कळलं, हॉटेलवाला येऊन गाडी बघूनही गेला होता, मी पायी बाजारात गेले होते तेव्हा.

"अहो, तुम्ही काही बोलणार आहात का?"

"क्लच जड आहे तिचा," मिस्त्री भाताला म्हणाले. "बायकामाणसाच्या पायाला जडच. मी हलका करून बघतो. शनिवारपर्यंत वेळ द्या मला."

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "शनिवारी आईने त्या चढावर मध्येच थांबून गाडी पुन्हा उचलून दाखवायची. जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर रविवारी हॉटेलवाला टेम्पो घेऊन येईल. आई, तुझ्या जिवापेक्षा गाडी मोठी नाही."

झालं. सभा संपली, ठराव पास. ज्या बाईचा पाय, जिचं काम, जिची आठवड्यातली दोन दिवसांची मोकळी हवा, तिला कुणी हात वर करायलासुद्धा सांगितलं नाही. आणि बायकामाणसाचा पाय म्हणे! तीस वर्षं हाच पाय तो जड क्लच दाबत होता, तेव्हा तो कुणाचा होता?

गुरुवारी मिस्त्री सकाळीच गाडीखाली गेले. आमचं गॅरेज म्हणजे घराला लागून एक लांबट खोली. भिंतीवर पाने टांगलेले आणि प्रत्येक पान्यामागे त्याच्या आकाराची रंगाने काढलेली रेघ, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लगेच कळावं. माझा चष्मा कुठे असतो हे त्यांना आजतागायत माहीत नाही.

गाडीचा क्लच साधा आहे. पायाने पेडल दाबलं की खालचा दांडा ओढला जातो, दांड्याने एक आडवा हात फिरतो, आणि तो आत क्लच सोडवतो. मिस्त्रींनी त्या आडव्या हाताला लोखंडाचा तुकडा जोडून तो लांब केला. लांब केला की जोर कमी लागतो. पण जगात फुकट काही मिळत नाही. जोर कमी लागतो, तर पेडल जास्त लांब फिरवावं लागतं. खाली गाडीच्या तळाची फळी आडवी, तिथे जागा नाही. म्हणून त्यांनी पेडल वर उचललं, चांगलं वीतभर.

संध्याकाळी प्रदर्शन भरलं. शिंपीण आली, तिचा नवरा आला, दूधवालाही थांबला. मिस्त्रींनी मुलीला सांगितलं, "हाताने दाब." तिने एका हाताने पेडल दाबलं आणि टाळ्या पिटल्या. "बाबा, लोणी! लोण्यासारखं झालंय!" मग मिस्त्री स्वतः बसले. लांबलचक टांगा त्यांच्या, त्यांचा गुडघा हलतो तरी कुठे? दोन-चारदा दाबून दाखवलं. शिंपीण म्हणाली, "नशीबवान हो तुम्ही वहिनी. बायकोच्या पायासाठी एवढं कोण करतंय?"

मी बसले. पेडलवर पाय ठेवायला गुडघा छातीकडे आणावा लागला. कळ थेट कमरेत गेली. आणि गुडघ्यातून आवाज आला, 'कट'.

मिस्त्रींचे कान टवकारले. "थांब! परत दाब."

दाबलं. कट.

"अरे," मिस्त्री म्हणाले. चेहरा पडला. "जोडात कुठेतरी घासतंय."

आणि गाडीखाली गेले.

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं ना सरळ, की हा आवाज माझा आहे. का सांगायचं? हाच आवाज आमच्या जिन्यावर रोज सकाळ-संध्याकाळ होतो. पायरीगणिक होतो. जिना चढताना मी 'आई गं' म्हणते ते काय गाणं असतं? एकदा, दोनदा, दहादा सांगून झालं होतं, "अहो, गुडघा फार दुखतो." उत्तर ठरलेलं, "तेल लाव." यांच्या जगात प्रत्येक दुखण्याला दोनच औषधं, तेल नाहीतर ग्रीस. घरात तीन वर्षं वाजणारा गुडघा यांना ऐकू आला नाही, आणि तोच गुडघा थोरलीत बसून एकदा वाजला तर माणूस सतरंजी घेऊन जमिनीवर आडवा! मी दात-ओठ खाऊन मनात म्हटलं, शोध. शोध म्हणावं आता.

शुक्रवारी सकाळपासून शोध सुरू झाला. मी वर ड्रायव्हरच्या जागेवर, मिस्त्री खाली.

"दाब." कट. "सोड. दाब." कट.

त्यांनी आडव्या हाताचा बुश बदलला. कट. दांड्याच्या दोन्ही टोकांना ग्रीस भरलं. कट. पेडलची खीळ काढून नवी घातली. कट. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी प्रत्यक्ष बघत होते, फक्त इथे संन्यासी रांगेने उभे होते आणि एकेकाला फाशी होत होती. प्रत्येक 'दाब'ला माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. तरी मी दाबत होते. राग असा असतो. स्वतःचं नुकसान झालं तरी चालतं, पण समोरच्याचं घोडं पाण्यात बुडताना बघायचं असतं.

दुपारी जेवायलाही आले नाहीत. मुलगी दोनदा डोकावली. "आई, बाबांना सांग ना, जाऊ दे आता. टेम्पोवाल्याला मी वेळ देऊन ठेवलीय."

"वेळ देऊन ठेवलीस?"

"म्हणजे, नुसती विचारून ठेवलीय गं."

मी ओठ मिटून पुन्हा पेडल दाबलं. बोलले असते तर गल्ली गोळा झाली असती.

शेवटी मिस्त्रींनी त्यांचा लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. गॅरेजवाल्यांची ही एक रीत आहे. आवाज कुठला ते कळेना की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लोखंडाला लावायचं आणि मूठ कानाला. आतला आवाज दांडीतून सरळ कानात येतो. मिस्त्री खाली पडून एकेक जोड ऐकू लागले. डोळे मिटलेले, कपाळावर काळा डाग, तोंड किंचित उघडं. इतकं मन लावून माझं बोलणं त्यांनी लग्नाच्या बोलणीतही ऐकलं नव्हतं.

"दाब." कट. "इथे नाही." टोक पुढे सरकलं. "दाब." कट. "इथेही नाही. मग येतोय कुठून हा हरामखोर?"

तो 'हरामखोर' शब्द माझ्या वर्मी लागला. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं उसळून आलं.

"बाहेर या," मी म्हटलं.

"थांब जरा, एकच जोड राहिलाय..."

"मिस्त्री, बाहेर या म्हणते ना!"

आले. मी त्यांच्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक धरलं, साडी वर केली आणि टोक माझ्या गुडघ्याच्या वाटीवर टेकवलं. "आता लावा कान."

त्यांना कळेना. पण सवयीने मूठ कानाकडे गेली. मी पाय उचलून पेडलवर नेला.

कट.

मिस्त्रींनी मूठ कानाला घट्ट दाबली. मी पाय खाली घेतला. परत वर नेला. कट, आणि त्यामागोमाग जे बारीक कुरकुरणं मला रोज आतल्या आत जाणवतं, तेही त्यांना ऐकू आलं असणार, कारण त्यांचा चेहरा बदलला. गॅरेजमध्ये बिनतेलाने चालवलेलं इंजिन कुणी घेऊन आलं की मालकाकडे बघताना त्यांचा जो चेहरा होतो, तो.

"किती दिवस वाजतंय हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिवस? तीन वर्षं! जिन्यावर वाजतं, मोरीत वाजतं, तुमच्या ताटात वाढायला वाकले तरी वाजतं. तेव्हा कान कुठे होते? का गुडघ्याला सायलेन्सर बसवला होता मी?"

"मला वाटलं, जोर लागतो म्हणून दुखतं."

"वाटलं! विचारलंत? आजार रेड्याला आणि औषध पखालीला! जोर आहे माझ्या पायात. जोराची कुणी तक्रार केली होती? मला दाबायला त्रास नाही हो, वाकवायला आहे! पाय सरळ असला की मी ट्रकचाही क्लच दाबीन. तुम्ही पेडल छातीशी आणून ठेवलंत, आणि वर सगळ्या गल्लीला बोलावून टाळ्या घेतल्यात! मुलीला हाताने दाबायला सांगितलंत, स्वतः बसून बघितलंत. हातात गुडघा असतो का? माझ्या पायाला सोडून घरातल्या सगळ्या अवयवांना विचारून झालं!"

हे सगळं मी शांतपणे म्हटलं असं नाही. शिंपिणीच्या मशीनचा आवाज मध्येच बंद पडला, इतकं मला आठवतं. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. तिलाही मी सोडलं नाही. "आणि तू! जीव माझा म्हणतेस आणि वेळ टेम्पोवाल्याला देतेस. फुलझाडंच लावायची असतील तर माझ्या डोक्यावर लाव, मीही उभीच राहणार आहे इथे!"

मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. माफी वगैरे मागितली नाही. त्यांना येतच नाही ते. त्यांनी हात पुसले, नीट, बोटांच्या मध्येसुद्धा, आणि तळहात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"आता सावकाश वाकव. दुखायला लागलं की थांब म्हण."

मी वाकवला. "थांब."

त्यांनी खडूने फळीवर खूण केली, माझी टाच होती तिथे. "आता सरळ कर. जोर कुठे येतो?"

"इथे."

दुसरी खूण. दोन खुणांमध्ये जेमतेम चार बोटांचं अंतर होतं. मिस्त्रींनी त्या अंतरावर आपली चार बोटं आडवी ठेवून बघितली. "एवढीच जागा उरलीय तुझ्याकडे," ते म्हणाले. मला वाईट वाटलं, पण राग गेला नाही. दोन्ही एकदम असू शकतं.

मग त्यांनी कालचं सगळं काम उलटं केलं. जोडलेला तुकडा कापून टाकला आणि आडवा हात पहिल्यापेक्षाही आखूड केला. पेडल कापून खाली आणलं आणि वेल्डिंग केलं. माझी सीट मागे सरकवली आणि खाली लाकडाच्या पट्ट्या देऊन उंच केली, म्हणजे मांडीपासून पाय उतरता राहील. आता पेडल चार बोटांतच पूर्ण दबत होतं. जोर मात्र दुपटीने लागत होता. भंगारातून एक जाड स्प्रिंग काढून त्यांनी पेडलच्या मागे मदतीला लावली, तेव्हा थोडा उतरला.

मुलीने दाबून बघितलं. दोन्ही हातांनी, मग पायाने. "बाबा, हे तर आधीपेक्षा जड केलंत!"

"तिला चालतं," मिस्त्री म्हणाले. मग थांबले आणि माझ्याकडे वळले. "चालतं ना?"

मी बसून दाबलं. पाय जवळजवळ सरळ. जड होतं, पण ते जड माझ्या ओळखीचं होतं. खडूच्या एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत पाय गेला आणि आला. गॅरेजमध्ये कसलाही आवाज झाला नाही.

"चालतं," मी म्हटलं. "मी जडच दाबत आलेय."

शनिवारी डॉक्टरीणबाई पेटी घेऊन आल्या. मुलगी त्यांच्या शेजारी मागे बसली, परीक्षक म्हणून. मिस्त्री नेहमीप्रमाणे फाटकाशी उभे राहिले, गाडी गेली की आवाज ऐकत राहायला.

"बसा," मी म्हटलं.

"मी? मी कशाला?"

"बसा म्हणते ना."

माझ्या शेजारी बसले. गाडी हलली की गुडघ्यांवर हात ठेवून ताठ होत होते. सासूच्या पायथ्याशी डॉक्टरीणबाईंनी पेटी मांडीवर घेतली आणि दरवाजाकडे हात नेला. "मावशी, मी इथे..."

"बसून राहा," मी म्हटलं. "भार असू दे."

चढ सुरू झाला. वळणाच्या अलीकडे मी पहिला घेतला. जमला. वळणावर, बरोबर दगडापाशी, मुलीने सांगितल्याप्रमाणे गाडी थांबवली. मागे दरी, पुढे बॉनेट आभाळात. मी क्लच दाबून धरला, मग हळूहळू सोडला, चार बोटांतली ती नेमकी जागा लागेपर्यंत. थोरलीने नाक उचललं. हँडब्रेक सोडला. एक इंचही मागे न जाता ती पुढे निघाली.

मागे मुलगी फोन काढून कुणाला तरी म्हणाली, "नाही, उद्या टेम्पो नको. उद्या नको आणि नंतरही नको."

मिस्त्रींनी नेहमीसारखी मान तिरकी केली होती. मला वाटलं, इंजिन ऐकतायत. पण ते इंजिनाकडे बघत नव्हते. माझ्या पायाकडे बघत होते.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि विचारायला जागा कुठली निवडली, तर सासूच्या वरचा पट्टा, जिथे एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला खोल उतार, आणि माणसाला उतरून पळायला पाऊलभर जागा नाही. म्हटलं, बरे सापडलात. आणि सांगायला सुरुवात केली, अगदी जिन्याच्या पहिल्या पायरीपासून. इंजिनाचा आवाज मोठा होता, म्हणून मीही आवाज चढवला. मोरी सांगितली, ताट सांगितलं, तेल लाव सांगितलं. मध्येच मागच्या डाव्या चाकातून खळखळ असा काहीतरी नवीन आवाज यायला लागला. मला तो स्पष्ट ऐकू येत होता. मी बोलत राहिले. वरची वस्ती येईपर्यंत तो वाजत होता, आणि मिस्त्रींना ऐकू आला नाही.